सुभेदारांची नडगी

८ फेब्रुवारी १९९९, सांगली
राउंडला सर म्हणाले, पाय कापू. गुडघ्याखाली. येत्या सोमवारी.

सुभेदार आकाराम, आष्ट्याचे. फौजेत असताना तंबूतला स्टोव्ह भडकला आणि नडगी भाजली, त्याला वीस-बावीस वर्षं झाली. त्या जुन्या व्रणावर दीड वर्षापूर्वी जखम फुटली, ती भरतच नाही. आम्ही दोनदा मांडीची कातडी काढून लावली, दोन्हीदा सडली. आता हाड दिसतंय.

मी म्हटलं, महिनाभर थांबा, मला ते रक्ताचं करून बघू द्या.  सर म्हणाले, "विनोदिनी, पायाच्या नादात माणूस घालवू नकोस."

म्हणजे हो!

११ फेब्रुवारी
केलं आज. आकारामांचंच रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं. लाल पेशी तळाला, वर पिवळसर पाणी, मध्ये प्लेटलेटचा पातळ थर. रक्त गोठवतात त्या या प्लेटलेट — पण मांस भरून आणणारे रसही त्यांच्याच पोटात. तो थर उचलून घट्ट केला, जेलीसारखा झाला, जखमेवर पसरला. हे सगळं मी परदेशी मासिकात वाचलेलं. इथे कुणाला विचारायची सोय नाही. 

त्यांच्या पत्नी, मनुबाई, दारातून बघत होत्या. ह्यांचंच रगत ह्यांनाच लावायचं, मग काढायचं कशाला, असं नर्सला विचारत होत्या.

१५ फेब्रुवारी
ताप चढलाय. सर दारातूनच तापाचा तक्ता बघून जातात. रागावले असते तर बरं झालं असतं.

२ मार्च
ताप केव्हाच गेला. आज पट्टी सोडली — लालभडक मांस! हाड झाकलं. सरांनी वाकून बघितलं, "हं" म्हणाले. आकारामांनी मनुबाईंना सांगून टाकलं की पाडव्याला आपण उसाच्या बांधावर चालत जाणार. मी घरी येईपर्यंत हसत होते.

१९ मार्च
काहीतरी चुकतंय. एका कडेचं मांस कातडीच्या वर चढलंय, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. बोट लागलं की रक्त.

सरांना बोलावलं. चष्मा काढून पुन्हा लावला. "कडेचा तुकडा कधी तपासायला पाठवला होता का?"

नाही. मी नाही, त्यांनीही नाही. जुन्या भाजल्या व्रणात फुटलेली जखम — तिथे कशाची शंका घ्यायची हे मी परीक्षेत लिहिलं होतं! आज तुकडा पाठवला. पण मांस वाढवणारं ते औषध तर मी आधीच घालून बसले.

२६ मार्च
कर्करोग. पाय आता गुडघ्याच्या वरून काढावा लागेल.

सर म्हणाले, रोग आधीचाच, तेवढं सांग. औषधाचा विषय काढू नकोस, त्यात कुणाचंच भलं नाही.

 मी सांगणार आहे.

२७ मार्च
मनुबाई चहा आणायला खाली गेल्या तेव्हा सांगितलं. रोग आधीचा — पण माझ्या औषधाने तो वाढला नसेल, असं मला म्हणता येत नाही.

 आकाराम हळू म्हणाले, "बाई, गेल्या साली पुण्याला मिलिटरीच्या दवाखान्यात तुकडा काढला हुता. ह्योच रोग निघाला. पाय काढा म्हनले. एका पायावर गावात शिरायचं न्हवतं मला. सही न करता यष्टीत बसलो. तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. आता काढा. फकस्त हिला कळू देऊ नका, मला म्हायती हुतं ते."

मी मान वर केली. मनुबाई दारात उभ्या होत्या, चहाची किटली घेऊन.