बोटाले न लागलेलं दुखणं

बुधवार, संध्याकाळ

लिही वं पिंके. वार आधी टाक, नाहीतर उद्या तूच विचारशील, आजी, हे कवाचं?

ऑपरेशनात तुझ्या आईच्या मणक्यातून काढलेल्या गादीचा रिपोर्ट आज तू वाचला. मधला गर सुकला, पेशी मेल्या, केसाहून बारीक नसा आत शिरल्या. दुर्बिणीतूनच दिसते म्हणे.

हातमागावर लुगडी विणता विणता ती वर्षानुवर्षं म्हणे, "आई, कंबर दुखते." मी लुगड्यातली गाठ शोधावी तसं बोटानं चाचपलं. म्हटलं, "गाठ नाही, सूज नाही, मंग दुखते काहून? बस मागावर." बसली बिचारी.

बोटाले नसंल लागलं, पण तिचं तोंड तर दिसत होतं ना मले.

उद्या दवाखान्यात गोळाभात पाठव, फोडणीचं तेल वेगळ्या डबीत. मी केला म्हणून सांगू नको. खाणार नाही ती.