ढिला सोडलेला हात

प्रिय धाकट्या,

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. तुझी वहिनी लिहून देते म्हणत होती, पण हे तिच्याकडून लिहवून घेण्यासारखं नाही.

परवा तू दवाखान्यात आलास आणि मी धड न बोलता निघून गेलो. रागावला असशील. अर्धांगाच्या झटक्यापासून हा उजवा हात म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी माझ्या खांद्याला टांगून ठेवल्यासारखा आहे. तो यंत्रात पट्ट्यांनी बांधतात आणि पडद्यावर पडणारी सफरचंदं टोपलीत झेलायला लावतात. यंत्राची बांधणी चोख आहे, फक्त कोपराखालचं बेअरिंग कोरडं वाजतं. तसं सांगितलं, तर व्यायाम घेणारी मुलगी म्हणते, काका, तुम्ही पेशंट आहात की इन्स्पेक्टर? हात अडला की मोटर तो पुढे नेते. स्कोअर वाढतो, तुझी वहिनी खूश होते आणि माझ्या डोक्यात भुंगा, यात माझं किती आणि मोटरचं किती?

म्हणून तर त्या मुलीनं तुला समोर बसवलं. पडद्यावर एक नाव, दोन काठ, दोघांच्या हातात एकेक हँडल; ज्यानं त्यानं नाव आपल्या काठाला ओढायची. मदत बंद. मोटरचं काम एवढंच, की तुझा जोर माझ्या हँडलला पोचवायचा आणि माझा तुझ्या. नाव मधोमध डुगडुगत राहिली, माझा खांदा पेटला होता आणि अचानक ती माझ्या काठाला लागली. तू म्हणालास, दादा, तुझ्यापुढे आपलं अजूनही काही चालत नाही बुवा. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला.

त्या एका खेळावर तू नव्या कारागिराला नको म्हणून कळवणार आहेस, वर्कशॉपमधली मोठी लेथ माझ्यासाठी ठेवणार आहेस, हे मला काल तिच्याकडून कळलं. धाकट्या, बंद लेथसाठी गिऱ्हाईक थांबत नसतं. माझ्या मनाखातर वर्कशॉप बुडवू नकोस.

तू हात ढिला सोडलास. मी पाहिलं नाही, माझी नजर पडद्यावर होती. हत्यार लोखंडावरून सुटलं की लेथच्या हातचाकात कसं कळतं, तसं ते मला हँडलमध्ये कळलं. घरी येईपर्यंत नुसता संताप होता. दाढी करताना वस्तरा थांबला. कळलं, पण कुठे कळलं? उजव्या हातात. सुई टोचली तरी ज्याला पत्ता नसायचा, त्या हातात.

म्हणून हे पत्र. शनिवारी पुन्हा समोर बस. तोवर त्या कारागिराला हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. जीव तोडून ओढ. हरलो, तर लेथची चावी मीच त्याच्या हातात देईन, तोंड वाकडं न करता. फक्त दया दाखवू नकोस. आता ती या हातापासून लपायची नाही.

तुझाच, वाट पाहणारा,
दादा