प्रार्थनामंदिराचा बोर्ड

राजापेठ, अमरावती
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

प्रिय श्यामदादा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. "आचल, तू शिकलेली हायेस, सांग बरं, देव मले परत घेईन काय?" असं तू विचारलंस. दादा, घरातली पहिली पदवी माझी, पण याचं उत्तर मला येत नाही. खोटं कशाला सांगू?

इकडे सारं ठीक. क्लासमधली पोरं मला मॅडम म्हणतात. घरी तूर आली. तुझे हात आता थरथरत नाहीत, हे तुझ्या अक्षरावरूनच कळलं.

मागच्या रविवारी गावी गेले तेव्हा ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. 'दारू पिणाऱ्यांनी आत येऊ नये' हा प्रार्थनामंदिराच्या दारावरचा बोर्ड बाबांनी लावला, पण आता त्यांच्यावर राग नाही, असं तू लिहिलं होतंस. बाबा तूर निवडत होते. त्यांचा हात थांबला.

दादा, तो बोर्ड मी लिहिला.

बी.ए. झाल्यावर गाव आदर्श करायचं माझ्या डोक्यात होतं. रंग मी आणला, अक्षरं मी काढली. पुढे त्या संध्याकाळी तू शुद्धीत, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दारात आलास. आत सामुदायिक प्रार्थनेतलं मौन चाललं होतं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. तू बोर्ड वाचताना मी तुला पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तू नव्हतास.

त्यानंतर दोन वर्षं मी प्रार्थनेला बसले नाही. क्लासचं निमित्त पुरलं.

मागच्या रविवारी मात्र बसले. प्रार्थना संपल्यावर उभी राहून सगळ्यांसमोर हे सांगितलं, आणि बोर्ड पुसू या म्हटलं. म्हातारे नत्थुजी म्हणाले, "म्हंजे आता पेताडांले पुढच्या रांगेत बसवतं काय वं?"

"मागच्या रांगेत बसवा, पण आत बसवा."

"मंग माह्याच बाजूले बसव त्याले. इथं सारे बेसूर हायेत!"

सारे हसले. बोर्ड पुसायला मी रॉकेलचा बोळा घेतला, तर बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "लिवला तुनं. पण दोन वर्सं रोज त्याच्या खालून आत गेलो, तो मीच ना वं."

दयेवर मी कॉलेजात भाषणं दिली आहेत, दादा. पण ती मागणं किती अवघड ते तिथे कळलं. सोमवारी पहाटे पुन्हा प्रार्थनेला गेले. मौनात डोळे मिटले ते मिटलेलेच राहिले. इतकं हलकं वाटलं की नंतर भजन जरा मोठ्यानंच म्हटलं. नत्थुजींनी मान वळवून पाहिलं.

अकोला, रविवार, १६ फेब्रुवारी

पत्र टपालात टाकलं नाही. तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडमना फोन करून परवानगी घेतली, काल गावी गेले आणि आज पहाटेच्या एसटीनं बाबांना घेऊन आले. तुझे तीन महिने आज पूर्ण होतात. आम्ही खाली फाटकाजवळच्या बाकावर बसलो आहोत. बाबा चौकीदाराला तिसऱ्यांदा विचारून राहिले, "झाली काय जी तयारी त्याची?" घाईत त्यांनी स्वेटर उलटा घातला आहे. मी सांगितलं नाही, तू सांग.

चौकीदाराच्या हाती हे वर पाठवते. वाचून झालं की पिशवी घेऊन खाली ये.

तुझी, क्षमा मागणारी,
आचल
(शेजारी बाबा)