शनीसाठी घासलेली काच

बाबा,

तुमचा आरसा आज आंबिवलीला देऊन आले. तिथे एका गाळ्यात एक गृहस्थ दुर्बिणींच्या आरशांवर नवा मुलामा चढवून देतात. जुना मुलामा पार गेला होता. काठाकडून काळे डाग पडत पडत मधोमध आले होते, आणि काही ठिकाणी काचेतून आरपार दिसत होतं. त्यांनी आरसा दिव्याखाली तिरका धरला, बराच वेळ पाहिला आणि मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. ते खरं नव्हतं. घरी आल्यापासून तेच मनात आहे, आणि हे ज्याला सांगावं असं आता जवळ कुणी नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी घोडबंदर रोडला राहते, बरीच वर. तुम्ही आला असतात तर आधी गॅलरीत जाऊन आकाशाकडे पाहिलं असतंत. तिथे काही नाही, बाबा. खाली गाड्यांचे दिवे, समोर दुसऱ्या टॉवरचे दिवे, आणि वर त्या सगळ्याचा मिळून एक पिवळट उजेड. शेजारी कोण राहतं ते मला दारावरच्या पाटीवरून माहीत आहे. आई मागच्या वर्षी गेली. डोंबिवलीची आपली बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत, म्हणून ब्लॉक रिकामा करायला गेले होते. माळ्यावर, मोठ्या पातेल्यांच्या मागे, आरसा होता. आईच्या सुती साडीत गुंडाळलेला, सोबत डांबराच्या गोळ्या. गोळ्या ताज्या होत्या. म्हणजे ती अधूनमधून काढून बदलत असणार. मला कधी बोलली नाही.

हॉल रिकामा झाल्यावर फरशीवर पिंपाच्या बुडाचा गोल डाग दिसला. तुम्ही ठाण्याच्या ऑफिसातून येता, चहा घेता, शर्ट खुंटीला लावता आणि बनियनवर त्या पिंपाभोवती फिरायला लागता. पिंप पाण्याने भरलेलं, हलू नये म्हणून. त्यावर फळी, फळीवर एक जाड गोल काच, तिच्यावर ओली पावडर, आणि तिच्यावर तशीच दुसरी काच. वरची काच पुढे ढकलायची, मागे ओढायची, जराशी वळवायची, आणि आपण एक पाऊल सरकायचं. पुन्हा तेच. संध्याकाळभर ती खरखर. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "पिंपाला प्रदक्षिणा घालून कोण पावणारे तुम्हाला?" तुम्ही न थांबता म्हणता, "शनी." "लोक शनी टळावा म्हणून मारुतीला तेल घालतात, आणि आमच्याकडे त्याला बघायला काच घासतायत. कठीण आहे." तुम्ही हसता. ती पण हसते, पण आत वळल्यावर. तुम्हाला स्वतः केलेल्या आरशातून शनीची कडी बघायची होती, खडवलीच्या नदीकाठच्या माळावरून. त्यापलीकडे तुम्ही काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दोन्ही काचा सपाट असताना वरची खोलगट कशी होते, असं मी विचारलं होतं. "वरचीचं पोट झिजतं, खालचीचे काठ," तुम्ही म्हणालात, आणि काच धुऊन माझ्या हातात दिलीत. दुधी, खरबरीत. मी बोट फिरवलं. "वाटी झालीय," मी म्हणाले. मग आपण तिला वाटीच म्हणायला लागलो.

तुम्ही मला एकदाच रागावलात. पावडरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत होत्या. सर्वांत जाड, मग कमी जाड, मग पिठासारखी. जाड पावडरीचे हात मी बारीक पावडरीच्या डब्यात घातले. तुम्ही डबा ओढून घेतलात. "एक कण," तुम्ही म्हणालात. आवाज मोठा नव्हता, म्हणून जास्त लागला. "जाडीचा एक कण बारकीत गेला ना, की ओरखडा पडतो. सगळं परत पहिल्यापासून." मोरीत नेऊन माझे हात कोपरापर्यंत धुतलेत, एकेका नखाखालून. फ्रॉक बदलायला लावलात. आणि मग, मी अजून मुसमुसत असताना, माझे हात वरच्या काचेवर ठेवून त्यावर तुमचे हात ठेवलेत. "दाबू नकोस. तिचं वजन तिला पुरतं."

मग एक दिवस तुम्ही ऑफिसातून आला नाहीत. लोक आले. मी दहा वर्षांची होते.

मी रडले नाही. ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. बायका माझ्याकडे बघून आवाज खाली करायच्या. तेराव्याच्या आदल्या दिवशी घर धुऊन काढायचं ठरलं. आत्या, तुमची मोठी बहीण, मोरीत तांब्या-पितळेची भांडी घेऊन बसली होती. मी पाणी प्यायला गेले तर तिच्याजवळ तुमचा डबा. "कसली मेली पावडर आहे ही," ती कुणाला तरी सांगत होती, "घासावं तितकं भांडं अंधूकच होतंय." मग मला बघून म्हणाली, "आणि हे बघ गं, तीन डब्यांत थोडं थोडं राहिलेलं, मी एकात केलं. दोन डबे मोकळे झाले तुझ्या आईला."

मी डब्यात पाहिलं. करडं, सगळं एक झालेलं. आणि मी ओरडून रडायला लागले. कुणीतरी मला मांडीवर घेतलं. "रडू दे तिला, मोकळी होऊ दे," असं कुणी म्हणालं. आत्याही पावडरीचे हात तसेच धरून रडायला लागली. मी पावडरीसाठी रडते आहे हे मला सांगता येईना. आत्याला राग यावा असं तिने काय केलं होतं? घर आवरलं होतं. संध्याकाळी मात्र पिंपाकडे बघत ती म्हणाली, "शनीला घरात बोलावलंन्, दुसरं काय." आईने ऐकलं. दुसऱ्या दिवशी काचा माळ्यावर गेल्या.

समोरच्या ब्लॉकमधली माझी मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. तिची आई पोळी-भाजीचे डबे द्यायची आणि उन्हाळ्यात कुरडया करायची. त्या दिवसांत माझ्याशी हळू आवाजात न बोलणारी ती एकटीच. "एवढं भोकाड कशाला पसरलंस गं काल? इतके दिवस तर गप होतीस." मी डबा दाखवला. जाड आणि बारीक म्हणजे काय ते सांगितलं. तिने बोट बुडवून चिमटीत चोळून पाहिलं.

"चिकासारखं करायचं मग."

"म्हणजे?"

"अगं, कुरडयांचा चीक. पाण्यात ठेवला की कसा सावकाश बसतो? खडा असला तर आधीच तळाला. तुझी जाडी आधी बसणार. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतायचं. त्यात बारकी."

आम्ही तिच्या गॅलरीत ओळीने पातेली मांडली. ढवळायचं, थांबायचं, ओतायचं. पुन्हा ढवळायचं. आतून तिची आई ओरडत होती, "माझी चिकाची पातेली कुठायत गं भवान्यांनो?" तळाशी बसलेली पावडर वाळली की मैत्रीण काचेच्या दोन तुकड्यांत चिमूटभर घालून कानाशी घासायची. कर्र वाजलं की म्हणायची, "आहे अजून एक बदमाश," आणि सगळं परत पाण्यात. तिला शनीशी काही देणंघेणं नव्हतं. मी घरी गप्प बसायचे आणि तिथे बोलायचे, एवढं तिने पाहिलं होतं.

आईला विचारून काचा खाली काढल्या. आईने स्टूल धरलं, एवढंच. घासायचं मात्र समोरच्या घरी, त्यांच्या पिंपावर. तुमचे आकाशदर्शनाचे मित्र, ज्यांना मी काका म्हणायचे, रविवारी भिंग घेऊन यायचे. एकदा त्यांनी मला भिंगातून काच दाखवली. पृष्ठभागावर खड्डेच खड्डे, बहुतेक बारीक, मध्ये काही मोठे. "मोठे आहेत ते तुझे बाबा घासायचे तेव्हाच्या जाड पावडरीचे," ते म्हणाले. "ते सगळे गेल्याशिवाय पुढची पावडर घ्यायची नाही हं."

मी घासणं सोडून दिलं. शाळेतून सरळ घरी यायचे. मैत्रीण दारात आली. "काय झालं? ठप्प का?" मी म्हणाले, ते खड्डे बाबांचे आहेत. तुम्ही ढकलत होतात तेव्हा पडलेले. घरात तुमच्या हाताचं दुसरं काय होतं? चष्मा होता, पण चष्मा तुम्ही केला नव्हता. आणि मी रोज संध्याकाळी ते पुसत होते.

ती बराच वेळ चपलेने उंबरा घासत उभी राहिली. "खड्डे पावडरीचे गं," ती शेवटी म्हणाली. "बाबांनी वाटी केली. वाटी कुठे जातेय?"

मी परत गेले.

शेवटी राळेचा थर आणि गुलाबी पावडर घेऊन काच चमकवायची असते. त्याआधी काकांनी भिंग आमच्या हातात दिलं, नीट बघा म्हणाले, मोठे खड्डे राहिलेत का. मैत्रिणीने आधी पाहिलं. मग मी. मग आम्ही काच चमकवली, काकांनी मुलामा करून आणला, नळी जोडली.

खडवलीला आम्ही काळोख पडता पडता पोचलो. आई येणार नाही असं वाटलं होतं. ती आली, स्वेटर घालून, थोडी लांब उभी राहिली. शनी पिवळट, स्थिर, कड्यांसकट, एखाद्या बटणाएवढा. मैत्रीण म्हणाली, "आयला, खरंच आहे की." मग आई पुढे आली, वाकली, आणि कितीतरी वेळ बाजूला झाली नाही. "हा?" ती म्हणाली. "केवढासा आहे. आणि किती लांब. ह्यानं कुणाचं काय केलं असेल." आत्याचं वाक्य तेव्हा कुठे घरातून गेलं.

मी खगोलशास्त्रज्ञ वगैरे झाले नाही. मैत्रीण बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशी गेली. वाढदिवसाला मेसेज येतो, मी हार्ट पाठवते. माळ्यावर आरसा सापडला तेव्हा फोटो काढला, तिच्या नावापर्यंत गेले आणि पाठवला नाही. काय लिहायचं ते कळेना.

आंबिवलीचे गृहस्थ आज म्हणाले, "मॅडम, इथे काठाजवळ एक खड्डा राहिलाय. जाड पावडरीचा वाटतो. पुन्हा पॉलिश करून काढून देऊ का?"

"राहू दे," मी म्हणाले. "आम्ही लहान होतो. राहून गेला आमच्याकडून."

"असू दे मग. बघायला काही फरक नाही पडत."

पुढच्या आठवड्यात आरसा मिळेल. तो पुन्हा त्याच साडीत गुंडाळेन, नव्या गोळ्या घालेन, हे पत्रही तिथेच घडीत ठेवेन. दुसरीकडे कुठे टाकणार?

काच चमकवायच्या आधी, त्या रविवारी, मैत्रिणीने भिंगातून पाहिलं, काकांना म्हणाली, "गेले सगळे," आणि भिंग माझ्याकडे दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी डोळा लावला. काठाजवळ तो होता, एकच, स्पष्ट. मी पण म्हणाले, "गेले." त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

राहून गेला नाही, बाबा. आम्ही ठेवला.