न जुळणारी बाटली

४ फेब्रुवारी

आज यांनी घरातच सुई काढली. रक्तातली चरबी आणि हृदयाचा झटका यांचं नातं हे शोधताहेत, हे आता आमच्या मांजरालाही ठाऊक झालंय. दवाखान्यातले आजारी पुष्कळ तपासून झाले, आता धडधाकट माणसं हवीत. मग काय – मी, जाऊबाई, शेजारचा शिंपी, समोरची बिऱ्हाडं, सगळे बाह्या वर करून ओळीने बसलो. जाऊबाई म्हणाल्या, "भावोजी, हिचं कशाला वाया घालवता? तेलाची रिकामी बाटलीसुद्धा ही तासभर उपडी ठेवते. हिच्या रक्तात पाणीच निघायचं."

बाटल्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे, आणि खाणं तुपकट की बेताचं एवढीच नोंद. कुठला आकडा कोणाचा, ते फक्त प्रयोगशाळेतल्या बाईंना माहीत. यांना मुद्दामच सांगायचं नाही. "माहीत असलं की मन झुकतं," म्हणाले.

१५ फेब्रुवारी

हे जेवताना गुणगुणत होते. लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकलं. निकाल मनासारखे आलेत. जो तुपकट खातो त्याच्या रक्तात चरबी जास्त, बेताचं खातो त्याच्या कमी. एकच बाटली वाकडी – बेताचं खाणाऱ्यांपैकीच कोणीतरी, आणि चरबी इतरांच्या दुप्पट.

१८ फेब्रुवारी

दवाखान्याचे मोठे साहेब म्हणाले म्हणे, "बाटली नीट धुतलेली नसेल. वगळा ती आणि निबंध पाठवून मोकळे व्हा. नाहीतर तुमची प्रयोगशाळेची खोली क्ष-किरणवाल्यांना देऊन टाकतो." ऐन उमेदीची वर्षं त्या खोलीत गेली यांची. खोली गेली की संशोधन संपलं, मग जन्मभर खोकला-पडसं.

मी म्हटलं, "मग वगळा की."

"माणूस आहे तो. भातातला खडा नाही, काढून टाकायला."

"आणि आम्ही कोण आहोत?"

पान अर्धवट टाकून हे उठले. मला नंतर वाईट वाटलं. पण मी बोलले ते खोटं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

अबोला. मीठ हवं होतं तर यांनी मांजराला सांगितलं.

२२ फेब्रुवारी

पुन्हा सगळ्यांचं रक्त. बाटल्या यांनी स्वतः धुतल्या, तीनतीनदा. जाऊबाई म्हणाल्या, "आता उरलंय का अंगात काही?" शिंपी मात्र गुणी, हात पुढे करून म्हणाला, "घ्या डॉक्टर. कोट अंगाला बसला नाही तर मीही माप पुन्हा घेतो, गिऱ्हाईक नाही बदलत."

देवाला सांगितलं, या वेळी तेवढी बाटली सरळ येऊ दे. दुसरं काही मागत नाही.

१ मार्च

वाकडीच आली. आकडासुद्धा जवळपास तोच.

मी हातातलं काम टाकून बसले. पण हे हसत होते. म्हणाले, "बाटली स्वच्छ होती, समजलं? आणि ही चरबी ताटातून आलेली नाही. मग जन्मातूनच आली असणार. वडील, भाऊ, मुलं – अख्खं घराणं तपासायला हवं त्या माणसाचं. वेळेवर कळलं तर औषध देऊन झटका टाळता येईल. कळतंय तुला मी काय म्हणतोय ते?"

थोडं थोडं कळलं. साहेबांनाही कळलं असावं, कारण खोलीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. "आधी माणूस कोण ते बघा," एवढंच म्हणाले. उद्या बाई नाव सांगणार आहेत.

त्या माणसाला इतके दिवस मनात काय काय बोलले. आज त्याच्यासाठी हात जोडले. कोणाच्या घरचा आहे कोण जाणे. सांभाळ म्हटलं.

२ मार्च

मीच ती.

बाबा बेचाळिसाव्या वर्षी झटक्याने गेले, दादाने तर चाळिशीही पाहिली नाही. देवाची इच्छा म्हणून आम्ही गप्प बसलो होतो. हे माझा हात धरून म्हणाले, "औषध आजपासून सुरू."

धाकट्या भावाला फोन केला. म्हणतो, "ताई, मी घोड्यासारखा आहे, मला काय धाड भरलीय?"

म्हटलं, "उद्या सकाळी काही न खाता ये. आणि पोरांना घेऊन ये."