धुळ्याचा डेपो

पुणे, १२ सप्टेंबर १९९८

तीर्थरूप नानांना उज्ज्वलाचा वाकून नमस्कार.

माझी तब्येत चांगली आहे, नोकरीही पक्की झाली. मायच्या गुडघ्यांना आराम पडला का?

तुम्ही विचारलं होतं, डेटा वेअरहाऊस म्हणजे काय? ते माहितीचं गोदाम. आपल्या कंपनीच्या साऱ्या डेपोंची जुनी-नवी विक्री आम्ही एका जागी, एकाच पद्धतीने साठवली. आता कुठे, कधी, काय खपतं ते साहेबांना लगेच कळतं.

काल त्यांनी विचारलं, "कोणता डेपो परवडत नाही?" पडद्यावर धुळ्याचं नाव आलं. तुमचा डेपो, नाना.

मी म्हणाले, "सर, पार पिंपळनेरपर्यंतचे दुकानदार तिथूनच साबण नेतात."

"ते नाशिकहून नेतील," साहेब म्हणाले.

दिवाळीनंतर डेपो बंद होणार. तुमच्यासोबत छगनभाऊ हमालही घरी बसतील. आज मी पुन्हा विनवलं, पण सही झाली होती. कंपनीचा कागद येण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते.

माझा राग आला तर तसं लिहा, पण उत्तर द्या. मलाही काम सोडावंसं वाटलं. पण आता घरात पगार एकच येणार, म्हणून उद्याही मी त्याच खुर्चीवर बसेन.

तुमची,
उज्ज्वला