नळाकडे लागलेला कान

गुरुवार, जेवणानंतर

आज परत माझा नवनगरचा स्टॉप हुकला. हुबळीला ऑफिस सुटल्यावर बसमध्ये टेकले आणि जी झोपले ती थेट धारवाडला! कंडक्टर मला उठवायला कानडीत ओरडत होता, "अक्का, एळ्री! धारवाड बंतु!" सगळी बस हसत होती. उलटी बस पकडून घरी पोचेपर्यंत अंधार पडला.

एवढ्या खडखडाटात मेल्यासारखी झोपते आणि घरच्या गादीवर डोळ्याला डोळा लागत नाही, हा काय प्रकार? संध्याकाळचा चहा सोडला. मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवते. फरक शून्य. अंग गादीवर आणि कान नळाकडे. वर्षानुवर्षं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही अपरात्री. झोप लागली की घागरी कोरड्या. आता नवी पाइपलाइन झाली, नळाला चोवीस तास पाणी. मला कळतं हो, पण ह्या कानाला कोण सांगणार? डॉक्टरीणबाई म्हणतात, ताण गेला तरी शरीराची सवय जायला वेळ लागतो. अजून किती वेळ?

बसमध्येच झोप का लागते, ते मात्र आज डोक्यात आलं. तिथे ड्रायव्हर जागा असतो. घरी माझ्याऐवजी कधी कोण जागं राहिलंय? आमचे हे तर तेव्हाही घोरायचे.

जेवताना ह्यांना म्हटलं, "आज नळाकडे तुम्ही लक्ष ठेवायचं."

"अगं, आता चोवीस तास पाणी असतं की!"

"मग तर सोपंच आहे. जागे राहा."

तोंड फुगवून हॉलमध्ये बसलेत. बसू देत.